भाताच्या वाफेत टिकलेली काच

२००९ सालच्या त्या श्रावणात गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात घराघराच्या भिंती ओल धरून बसल्या होत्या. मिठाला पाणी सुटलेलं, काडेपेटी पेटता पेटत नव्हती. शकुंतलाबाई पाटावर बसून भाजी निवडत होत्या आणि त्यांची सून योगेश्वरी भाताखालचा गॅस बारीक करत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दूधवाला असेल म्हणून ती ओल्या हातानंच गेली. दारात नागपूरचे वैरागडे सर उभे होते, तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. छत्री निथळत होती आणि काखेत मोजमापाच्या उपकरणांची एक पेटी होती.

"तुमच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण वाचलं," चपला काढता काढताच सर म्हणाले. "दमट हवेतही काच टिकते, आकडा भरकटत नाही म्हणता. मला नाही पटत. आज समोर बघणार. टिकली नाही तर प्रकरण काढायचं आणि नव्यानं सुरुवात करायची."

योगेश्वरीनं मनात हिशेब केला. नव्यानं म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं.

चिचगडची ही मुलगी. देवरीला एसटीनं शाळा, गोंदियाला बी.एस्सी., नागपूरला एम.एस्सी. नव्याण्णव साली गोरेगावच्या पटल्यांच्या घरात सून म्हणून आली आणि कॉलेजात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवू लागली. तिशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा नणंदा म्हणाल्या, "आता कायले?" तिनं काचेवर झिंक ऑक्साइडच्या काड्या वाढवायला घेतल्या.

काड्या इतक्या बारीक, की केसाच्या जाडीत हजार मावाव्यात. काचेवर त्या नुसत्या धुक्यासारख्या दिसत. खोट्या नोटा ओळखायला दुकानदार वापरतात तसल्या जांभळ्या दिव्याचा प्रकाश पडला, की त्यांच्यातून वीज सरसर वाहायची. पण पावसाळा आला, की दिवा न लावताही ती वीज मोजणाऱ्या मीटरचा आकडा भरकटायचा. काड्यांच्या पृष्ठभागावर काही अणूंचे हात मोकळे राहतात. जवळून जाणारी वाफ ते धरून ठेवतात. वरून अॅल्युमिनाचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, पातळ लेप दिला, की ते हात गुंततात.

"म्हणजे पोट्ट्यायच्या हातात फुटाणे देऊन बसवाचं," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"हो आई. पण मूठभरच."

मूठभर म्हणजे किती, ते शिकायला तिला एक अख्खं वर्ष लागलं होतं. जाड लेप तो पक्का लेप, असं समजून तिनं काच पुन्हा पुन्हा द्रावणात बुडवली. वाफ लागेना हे खरं, पण काड्या प्रकाशालाही ओ देईनात. गोधडी पांघरून निजल्यासारख्या. मग द्रावण पातळ करत करत ती एकाच बुडीवर आली. काच इतकी संथ उचलायची की वर तरंगही उठू नये, मग वाळवायची आणि भट्टीत तापवायची.

"चला, कॉलेजच्या लॅबमध्ये," पेटी सावरत सर म्हणाले.

"नको सर, इथंच." आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "आई, भातावरचं झाकण काढा."

"काऊन? वाफ गेली त कच्चा राहीन न!"

"राहू द्या आज."

तिनं घरी आणून ठेवलेल्या दोन काचा काढल्या, सरांनी पेटीतल्या मीटरच्या तारा जोडल्या. आधी लेप नसलेली काच चिमट्यात धरून तिनं वाफेवर नेली. सरांच्या मीटरवर आकडा माशीसारखा इकडून तिकडे उडू लागला. "हे तर होणारच," सर म्हणाले.

मग तिनं लेपाची काच धरली. आकडा किंचित हलला. योगेश्वरीनं दुसऱ्या हातानं ओटा घट्ट पकडला. आकडा थांबला आणि थांबूनच राहिला. सरांनी पेटीतला जांभळा दिवा लावला तसा त्यानं टुणकन उडी घेतली. दिवा विझवला तर होता तिथं परत. सरांनी वाफेनं धुरकटलेला चष्मा पुसला, तारा उलटसुलट जोडल्या, चिमटा स्वतः धरला आणि बोट भाजून घेतलं. आकडा काही ढळला नाही.

"किती डाव पाहता जी मास्तर?" शकुंतलाबाईंना राहवेना. "ते काच का लाजून राहिली का?"

सर मोठ्यानं हसले. "प्रकरणावर सही कुठं करू, तेवढं सांगा."

सही झाली आणि सासूबाईंनी खिडकीतून शेजारच्या प्रेमिलाला हाक घातली, "आमची योगेश्वरी डॉक्टर झाली वो!"

"अजून नाही, आई!"

"मास्तरनं सही केली न? मंग झाली!"

तो कच्चट भात सरांनी दोनदा मागून घेतला. हात धुताना ते म्हणाले, "शाबास, योगेश्वरी. आता विद्यापीठाकडून काय हवं, बोला. शिष्यवृत्तीसाठी लिहू?"

तिनं पदराला हात पुसले.

"सर, लेपाची जाडी बघायला माझ्या काचा बाहेरगावी मोठ्या सूक्ष्मदर्शकाकडे जातात. परत येतो तो नुसता फोटो. पुढच्या वेळी काच एकटी पाठवू नका. मलाही पाठवा. तो लेप मला तिथं बसून स्वतः बघायचा आहे."