छपराला भोक न पाडता

मानपाड्याला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये शेवंती गुरव फायबरची कामं करते. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, फुटलेले बंपर. चिपळूणजवळच्या गावातून लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा फायबर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. एका कारखान्यात ती झाडलोट करायला लागली. कारागीर काचेच्या धाग्यांची मॅट साच्यावर अंथरायचे, ब्रशने त्या मॅटला रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, पाजायचे, आणि शेवंती झाडू धरून बघत राहायची. एकदा दोन कारागीर एकदम गावी गेले नि ऑर्डर अडकली. सुपरवायझरने नुसतंच विचारलं, "कुणाला जमेल?" शेवंती म्हणाली, "मला." त्या दिवसापासून तिच्याकडे मोल्डिंगचं काम आलं.

सतरा वर्षांनी तो कारखाना बंद झाला. मग तिने आणि नवरा उत्तमने ही शेड भाड्याने घेतली. गिऱ्हाइकाशी बोलणं, माल पोचवणं उत्तमकडे. बाकी सगळं शेवंतीकडे.

गेल्या जानेवारीत शेडसमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. पुढे पिकअपची केबिन, मागे फायबरची छोटीशी खोली, आत बाक आणि ओटा. फिरायची हौस असलेली माणसं असला कॅम्पर घेतात. ही गाडी मात्र प्राचीची होती. घोडबंदर रोडला राहणारी प्राची डोळे तपासायचं शिकलेली. जुना कॅम्पर विकत घेऊन तिने त्यात तपासणीचं मशीन बसवलं होतं आणि दर रविवारी ती मुरबाडकडच्या पाड्यांवर जायची. मशीनला वीज लागते, ती तिथे भरवशाची नाही. म्हणून तिने दोन सोलर पॅनेल घेतलेले. ते शाळेच्या अंगणात मांडायचे, ऊन फिरलं की हलवायचे, शेळ्या हाकायच्या, यातच अर्धी सकाळ जायची.

"छपरावर कॅरियर बसवून पॅनेल कायमचे लावायचेत," ती म्हणाली. "चार गॅरेज फिरले. सगळे म्हणतात, ड्रिल मारू, वरून सिलिकॉन भरू."

"मग?"

"माझ्या मैत्रिणीच्या गाडीला तसंच केलेलं. दोन पावसाळ्यांत छप्पर आतून कुजलं. माझ्या गाडीत मशीन आहे, ताई."

शेवंती शिडी लावून वर चढली. बोटांनी ठोकत तिने सगळं छप्पर ऐकलं. फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये फोम. भोक पडलं की पाणी त्या फोममध्ये शिरणार.

"भोक नको," ती वरूनच म्हणाली. "फायबरला फायबर चिकटवू. छपराच्याच आकाराचे रुंद पाय बनवू, त्यांच्यात बोल्ट पुरू. त्या बोल्टवर कॅरियर बसेल."

उत्तम खालून म्हणाला, "अगं, वाऱ्यात सुटलं तर? मागून येणाऱ्याच्या काचेवर जाईल."

"म्हणून ओढून बघायचं," ती म्हणाली.

तिने छपरावर प्लास्टिक अंथरलं, त्यावरच मॅट आणि रेझिनचे थर दिले. सुकल्यावर सहा पाय सुटे निघाले, प्रत्येक पाय आपापल्या जागेच्या गोलाईला अगदी बरोबर बसणारा. जागा घासून तिने ते रेझिनने चिकटवले, कडेवरून मॅटचे आणखी दोन थर दिले. दोन दिवस सुकू दिलं. मग शेडच्या गर्डरला चेनपुली टांगून तिने मागच्या कोपऱ्यातल्या पायाला साखळी अडकवली. उत्तम हळूहळू ओढू लागला. गाडीची मागची बाजू स्प्रिंगवर जेमतेम बोटभर वर आली आणि फट्कन पाय सुटला.

शेवंतीने तो उलटा करून पाहिला. तळाला पांढरा पापुद्रा चिकटून आला होता. आधीच्या मालकाने छपरावर नवा रंग मारला होता. तिचं रेझिन रंगाला घट्ट धरून होतं, पण रंगानेच छप्पर सोडलं होतं.

"बाकीचे पाच तर चिकटलेत," उत्तम म्हणाला.

"अहो, हा पण चिकटलेलाच होता."

तिने प्राचीला फोन केला. "मॅडम, या रविवारी गाडी मिळणार नाही. चूक माझी आहे. खाली रंग आहे हे मला कळायला हवं होतं."

प्राचीने पाड्यावर रविवारी येते असा निरोप दिलेला होता. तरी ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मिळेल?"

"ओढून बघितल्याशिवाय शब्द देत नाही."

पुढचे तीन दिवस शेवंती छपरावर होती. पाचही पाय तिने स्वतः कापून काढले. प्रत्येक जागेचा रंग खरवडून, मूळ फायबरचे धागे दिसेपर्यंत घासलं. हातांना खोबरेल चोळूनही फायबरच्या भुकटीने कोपरापर्यंत खाज सुटली. नंतर सहाही पाय नव्याने बसवले. या वेळी साखळी ओढली तेव्हा गाडी वीतभर उचलली गेली. उत्तमने पुली तशीच अडकवून ठेवली आणि दोघं शेजारी बसून चहा प्यायले. चहा संपला तरी पाय जागचा हलला नव्हता. एकेक करून त्यांनी सगळे ओढून पाहिले. मग बोल्टवर कॅरियर आणि त्यावर पॅनेल बसवले.

पुढच्या रविवारी शेवंती हट्टाने गाडीबरोबर गेली. रायत्याला पहिल्यांदा गाडी थांबवून छपरावरचे पाय तपासायला वर चढली, सरळगावला पुन्हा. पाड्यावर पोचल्याबरोबर प्राचीने मशीन लावलं आणि ते चालू झालं. दुपारपर्यंत एकेचाळीस जणांची तपासणी झाली. पूर्वी दिवसभरात पंचवीसही होत नसत. रांगेतल्या एका बाईने शेवंतीला विचारलं, "तुम्ही डॉक्टरीण का?"

"नाही," शेवंती म्हणाली. "मी छपरावरचं काम केलं." मग क्षणभर थांबून तीही रांगेत उभी राहिली. डोळे तिने आजवर कधी तपासून घेतलेच नव्हते.

पावसाळा जोरात झाला. सप्टेंबरमध्ये प्राचीने गाडी दाखवायला आणली तेव्हा आतलं छप्पर कोरडं होतं. सोबत तिने तिच्या मैत्रिणीलाही आणलं होतं, कुजलेल्या छपराच्या गाडीसकट. शेवंतीने नवा चष्मा नाकावर सारखा केला आणि शिडी त्या दुसऱ्या गाडीला लावली.