लोंबकळीचे गळालेले पंख

कोलाडजवळच्या ओढ्याकाठी पुढच्या पायांनी पानाला लोंबकळणारी एक लंबटांगी माशी मी बाटलीत पकडली, तेव्हा मी रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. म्हणजे शिकत कमी होतो, सापडलेल्या किड्यांना नावं जास्त ठेवत होतो.

आमच्या सरांना लोंबकळी माशी पुस्तकातून पाठ होती, प्रत्यक्षात कधी दिसली नव्हती. अंग डासासारखं, पंख चार, पुढच्या पायांनी लोंबायचं आणि मागच्या पायांनी भक्ष्य झडपायचं. माझ्या माशीचं सगळं जुळत होतं. पंख तेवढे दोनच भरले.

“मागचे दोन एसटीत गळाले असणार, सर.”

आमच्या एसटीत माणसांचीही हाडं खिळखिळी व्हायची, त्यामुळे सरांना लगेच पटलं. त्या आनंदात त्यांनी मुंबईच्या एका जाणकार प्राध्यापकांना शनिवारी माशी पाहायला बोलावून टाकलं. आता प्रश्न माझ्या अब्रूचा नव्हता, ती फारशी नव्हतीच. सरांच्या अब्रूचा होता.

बाटलीच्या तळाशी दोन सुटे पंख मिळाले. कुणाचे, याची चौकशी मी केली नाही. पेणला रामवाडीत आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना होता. तिथले काका मूर्तींचे डोळे आखायचे. मी पंख आणि माशी त्यांच्यापुढे ठेवली.

“काका, एवढे दोन मागं चिकटवून द्या.”

“गणपती सोडून आता चिलटं दुरुस्त करू व्हय?” म्हणत त्यांनी भिंग लावलं. मग विचारलं, “पण मोडलंय कुठं?”

“मागचे पंख पडलेत.”

“पडलं नायत. हात निखळलेल्या मूर्ती माझ्याकडं रोज येतात. निखळल्या जागी टवका उडतो, आतली माती दिसते. हितं टवका नाय. पंखांच्या मागं दोन बारीक दांड्या हायत, टोकाला गोळी असल्यावाणी. ज्यानं घडवली त्यानं अशीच घडवलीय. तू कशाला वर कारागिरी करतोस?”

त्या दांड्या मला पाठ असायला हव्या होत्या. दोन पंख आणि मागे तोल सांभाळायच्या दोन दांड्या, म्हणजे लोक मोठा डास समजून चपलेने मारतात ती साधी माशी. तीही कधीकधी पानाला लोंबते, हे पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. ते पान मी उलटलं नव्हतं.

शुक्रवारी सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे चहा संपवला.

“मीही भिंगातून पाहिलं होतं,” ते म्हणाले. “मला तर पंख गळाल्याची खूणसुद्धा दिसली होती.”

शनिवारी सरांच्या घरी पाहुणे चपला काढतात न काढतात तोच सर म्हणाले, “माशी चुकीची निघाली. ओळखताना माझी घाई झाली.” मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात सरांच्या पत्नीने पोह्यांची बशी हातात दिली, आणि भरल्या तोंडाने कबुली देणं काही बरं दिसत नाही.

“पकडली कुणी?” पाहुण्यांनी विचारलं.

“ह्याने. हिचे पाय नुसता हात लागला तरी गळतात. ह्याने सहाच्या सहा शाबूत आणलेत.”

पाहुण्यांनी माशीची बाटली उजेडात धरली आणि पाय मोजायला लागले. मीही घास तसाच ठेवून त्यांच्याबरोबर मोजू लागलो.