कळवणच्या वाटेवरचा दगड

माझ्या घरात नवीकोरी गेम कधी आलीच नाही. आली ती कुणीतरी आधी खेळून झालेली, डबीचा कोपरा चिरलेली, डिस्कवर कुणाच्यातरी बोटांचे ठसे असलेली. कॉलेज रोडला एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात जुन्या गेम घ्यायचं-विकायचं दुकान आहे. हातातली संपली की तिथे द्यायची, वर थोडे पैसे घालायचे आणि दुसरी आणायची, असं माझं वर्षानुवर्षं चाललेलं. मी नाशिक रोडला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. दिवसभर काउंटरमागे उभं राहून घरी यायचं आणि तासभर कुठल्यातरी परक्या मुलखात घोडा पळवायचा. आई होती तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणायची, "तिशीची घोडी झाली आणि घोडे पळवतेय."

धाकटी बहीण माझ्या शेजारी बसायची. ती स्वतः कधी खेळली नाही, नुसती बघायची, आणि भलतंच काहीतरी बघायची. माझ्यावर चहूबाजूंनी बाण येत असायचे आणि ही म्हणायची, "ताई, थांब ना जरा. ती भिंत बघू दे. ओल कशी उतरलीये बघ." भिंतीच्या नादात मी कितीदा मेले असेन.

पुढे ती चित्रकला शिकली आणि पुण्याला एका स्टुडिओत लागली. परदेशातल्या मोठ्या गेमचे लहान लहान भाग तिथे बनतात. कुठल्या गेमचे, ते सांगायची तिला परवानगी नव्हती. आम्हीही विचारणं सोडून दिलं.

एकदा ती कॅमेरा घेऊन घरी आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मला काळा दगड हवाय. लाव्ह्याचा. जुना, पाऊसपाणी खाल्लेला."

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. सगळा जन्म बॉयलरच्या देखभालीत गेला. ते तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, अख्खा जिल्हा त्याच दगडाचा आहे. कुठला देऊ?"

आम्ही तिघं गाडी काढून कळवणच्या बाजूला गेलो. दोन-तीन ठिकाणी उतरून ती नाक मुरडून परत गाडीत बसली. शेवटी एका शेताच्या बांधाजवळ तिला हवा तो सापडला. बसलेल्या रेडकाएवढा दगड. मधून पांढऱ्या खड्यांची एक तिरपी रेघ गेलेली आणि एका अंगाला, भाकरीचा घास तोडावा तसा खळगा. मला त्यात विशेष काही दिसलं नाही. ही मात्र त्याच्याभोवती फिरायला लागली. वाकून, गुडघ्यावर बसून, मातीत आडवी होऊन फोटो काढत राहिली. ऊन आलं की थांबायची, कारण सावली पडलेली चालत नव्हती. ढग आला की पुन्हा सुरू. आम्ही ढगाची वाट बघत बांधावर बसून राहिलो.

शेजारच्या वावरातून एक आजी आल्या. "काय घावलं का काय दगडात?"

"नाही आजी, फोटो काढतेय," बहीण म्हणाली.

"दगडाचा?" आजींनी दगडाकडे एकदा नीट बघून घेतलं. "मंग एवढी घाई कशाला करती? लय वर्सं झाली, तिथंच हाय तो. कुठं नाय जायचा." मग त्यांनी आम्हाला ओंजळभर शेंगा दिल्या आणि त्याही आमच्याबरोबर ढगाची वाट बघत बसल्या.

त्यानंतर कित्येक महिने ती ते फोटो जोडून कॉम्प्युटरवर तोच दगड घडवत होती आणि फोनवर त्या एकाच दगडाबद्दल बोलत होती. वडिलांना काळजी वाटायला लागली. "अजून तोच दगड? साहेब काही बोलत नाहीत?"

"बाबा, कोरडा झालाय. आता ओला चाललाय. मग शेवाळं धरलेला करायचाय. मग बर्फातला."

"दगड एकच ना?"

"एकच. पण खेळणारा कुठूनही, कुठल्याही ऋतूत बघेल ना त्याच्याकडे."

तेव्हा तिने मला पहिल्यांदा समजावून सांगितलं की हल्ली एका गेमला किती माणसं लागतात, किती वर्षं लागतात. जुन्या गेममध्ये भिंत म्हणजे एक रंगवलेला कागद असे. आता त्या भिंतीवरच्या ओलीसाठी वेगळा माणूस असतो. एखादं धरण बांधावं तसा खर्च होतो आणि पहिल्याच महिन्यात खपली नाही तर स्टुडिओच्या स्टुडिओ बंद पडतात. मी ऐकत होते. इतकी वर्षं मी या गोष्टी हातात धरून खेळत आले होते, आणि त्या कुणी बनवल्या असतील हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

गेम बाजारात आली तेव्हाच तिने नाव सांगितलं. मी दुकानात गेले, नव्या डबीवरची किंमत बघितली आणि, जुनी आली की कळवा असं सांगून, डबी हळूच परत ठेवली. तिलाही ऑफिसातून प्रत मिळाली नव्हती. काही आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला, "ताई, तुमची ती आली बघा. एकाने खेळून परत दिली."

बहिणीला कळवलं. ती म्हणाली, "जुनी घेतलीस? त्यातला एक पैसा बनवणाऱ्यांना जात नाही, माहितीये ना तुला? म्हणून तर कंपन्या डिस्कच बंद करून नुसतं डाउनलोड ठेवायला निघाल्यात."

"मग मी एकही गेम खेळले नसते," मी म्हणाले. "आणि तू माझ्या शेजारी बसून कुठल्या भिंती बघितल्या असत्यास?"

ती हसली. "तेही खरंय. दोन्ही खरंय, काय करणार. बरं, दगड दिसला तर सांग. कुठे लावलाय ते मलाही माहीत नाही."

रविवारी दुपारी वडील जेवण करून माझ्याजवळ येऊन बसले. गेममध्ये बर्फाचा देश होता, पण बर्फ वर शिखरांवर. मी घाटातून वर चढत होते, पाऊस पडत होता, आणि अचानक वडील ओरडले, "थांब! डावीकडे!"

मी वळले. ओला, काळा, बसलेल्या रेडकाएवढा. पांढरी तिरपी रेघ. खळगा. मी त्याच्याभोवती फिरले, बहीण फिरली होती तशीच. खळग्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ हलत होतं.

"तो पण तोच आहे," वडील म्हणाले.

शेजारचा दगडही तोच होता, उलटा ठेवलेला. त्याच्या मागचा निम्मा मातीत पुरलेला. ओढ्याकाठचा शेवाळलेला. आता डोळ्यांना ओळख पटली होती, त्यामुळे तो जिकडेतिकडे दिसायला लागला. मी मान वर केली, तर समोरचा अख्खा कडा, ढगात घुसलेला, त्याच दगडाचा होता. देवळाच्या कळसाएवढा मोठा करून, फिरवून फिरवून, एकावर एक रचलेला. ती पांढरी रेघ वरपर्यंत विजेसारखी गेली होती.

वडील उठून टीव्हीजवळ गेले. त्यांनी काचेला हात लावला नाही, पण हात पुढे झाला होता. "अरे बापरे," ते एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "अरे बापरे."

गेम संपायला मला बरेच रविवार लागले. शेवटी नावं सुरू झाली. एरवी मी ती बटण दाबून पळवते. वडिलांनी माझा हात धरला. "राहू दे." नावं खालून वर सरकत राहिली. जपानी असावीत अशी, रशियन असावीत अशी, वाचताच न येणारी. एक माणूस नुसत्या पावलांच्या आवाजाचा होता. चहा झाला, कप विसळून झाले, तरी नावं चालूच. वडील चष्मा लावून, पाठ सरळ ठेवून बसले होते. पुण्याचा स्टुडिओ आला. खूप बारीक अक्षरांत, बऱ्याच नावांमध्ये तिचं नाव आलं आणि वर निघून गेलं.

"आमच्या केंद्रात पण अशी सगळी माणसं लागायची," वडील म्हणाले. "पण असं कुणी लिहून नाही दाखवलं कधी."

मग त्यांनी तिला फोन लावला. दगडाबद्दल, कड्याबद्दल, पाण्यातल्या आभाळाबद्दल सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आता काय करतेयस?"

"आता गवत, बाबा."

"नुसतं गवत?"

"नुसतं. वाऱ्याने हलणारं."

वडिलांनी फोन माझ्याकडे दिला, चपला घातल्या आणि ते खाली कंपाउंडजवळ जाऊन उभे राहिले. तिथे पावसाळ्यात उगवलेलं गवत होतं, अजून कुणी कापलेलं नव्हतं. वारा येत होता.