मस्कतवालीची वर्गणी

मस्कतहून परतले तेव्हा सोबत दोन बॅगा होत्या आणि एम.ए. करायची जुनी हौस. तिथल्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर कमावलेलं बहुतेक सगळं बाबांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनात गेलं. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नव्हतं. बाबा आता रोज बूढा तलावापर्यंत फिरून येत. पण विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि फीला पैसे कमी पडले. सोमवारपर्यंत भरली नाही तर जागा जाणार होती.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं आमचं मराठी मंडळ अडलेल्या विद्यार्थ्यांना मदत करतं. आई म्हणाली, जाऊन माग. गेले.

मंडळाचा कारभार बघणाऱ्या काकांनी मला पाहताच स्वतःची खुर्ची दिली, चहा सांगितला. "मस्कतवाली पोट्टी आली आपली," ते बाकीच्यांना म्हणाले. "बाहेर राहून बी मंडळाले विसरली नाही." आणि गणपतीचं पावतीपुस्तक उघडून बसले. आता कुठल्या तोंडाने मागणार? चहा संपला तसा मोबाइल काढला आणि भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. आकडाही मस्कतला शोभेल असाच टाकला, फीच्या पैशांतून.

घरी आईने पावती उलटसुलट करून पाहिली. "मांगाले गेली होती, अन् देऊन आली?"

बाबांना हसू आवरेना. मलाही हसू येत होतं, आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी परत गेले. खुर्ची पुढे येण्याआधीच उभ्याउभ्या सांगून टाकलं, फी कमी पडतेय, मदत हवी.

काकांनी पावतीपुस्तक मिटलं. "मंग काल काहून नाही सांगितलं?"

"काल तुम्ही खुर्ची दिलीत ना."

ते मनापासून हसले. समितीतल्या दोघांना फोन लावले आणि चेक लिहिला. मी निघाले तशी मागून हाक आली. वाटलं, वर्गणी परत देताहेत.

"वर्गणी वापस नाही होत, बेटा, गणपतीची आहे. पण महाप्रसादाले लवकर ये. वाढाले पोट्ट्या कमी पडून राहिल्या."

सोमवारी फी भरली. महाप्रसादाच्या दिवशी पदर खोचून पंगतीत वरण वाढत फिरले. "मस्कतवाली, इकडे वरण आण," काका ओरडले. दुपार कलली तरी मला कोणी खुर्ची देऊन बस म्हटलं नाही. परत आल्यापासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.