पिल्लांवरची मरळ

माणूस पाण्यात कसा उतरतो यावरून धोंडीआप्पा त्याची किंमत ठरवीत, आणि ती बहुधा फारच कमी ठरे. कवठे येमाईला रस्त्याकडेला त्यांचे पंक्चरचे दुकान होते. दुकान उघडण्याआधी ते गावाजवळच्या पाझर तलावावर जात. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये गोणपाटाची बैठक शिवलेली असे. तीत बसून, पायांनी पाणी मागे सारीत ते मध्यावर पोहोचत आणि गळ टाकीत. आता ते नाहीत. त्यांचा तिरस्कार मात्र माझ्या कानांत शाबूत आहे.

मी शिरूरच्या महाविद्यालयात इतिहास शिकवीत असे. पंचेचाळिशी उलटल्यावर, १९९७ साली, संकोचत त्यांच्याकडे शिकायला गेलो. माझ्या नव्याकोऱ्या रॉडकडे पाहून ते म्हणाले, "ह्यो कुनाला दाखवायला आनलाय? माशाला काय दिसत न्हाई त्यो."

जाळे टाकणाऱ्यांविषयी म्हणत, "ते मासं धरत न्हाईत, तळं गाळत्यात." काठावरून गळ टाकणाऱ्यांविषयी, "बसायला आल्यात. घरी जागा न्हाई." मरळ धरल्याखेरीज ते कोणाला शिकाऊसुद्धा मानीत नसत. दोन वर्षांत मला लहानसहान चिलाप्याच मिळाल्या. "चिलापी मोजायची नसती, सर," एवढाच त्यावर अभिप्राय.

भाद्रपदातल्या एका सकाळी लव्हाळ्यापाशी पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका बुडबुडताना दिसला. माझ्या ट्यूबमधून मी गळाला लावलेली बेडकी त्यातच टाकली. तत्काळ असा हिसका बसला की ट्यूबसकट मी फिरलो. हातभर लांब मरळ उचलून मी ओरडलो, "आप्पा, मरळ!"

ते जवळ आले. पुंजक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"पिल्लांवरची धरली व्हय? सर, ती भुकेनं न्हाई आली. राखायला आली. सोडा."

माझी ती पहिलीच मरळ होती. घरी दाखवावी असे फार वाटत होते. त्या मोहात क्षण गेला. नंतर सोडू पाहिले, तर गळ पोटात खोल रुतलेला. ती माझ्या हातातच मेली.

"शिकलेला मानूस," आप्पा म्हणाले. "आता तुमी राखा."

ती थट्टा नव्हती. रोज पहाटे स्कूटरने येऊन, पहिल्या तासाची वेळ होईतो मी ट्यूबमध्ये बसून पिल्लांवर झेपावणारे पाणकावळे हाकलीत राहिलो. म्हशी धुणारा सखाराम रोज काठावरून विचारी, "सर, पोरं बरी हायत न्हवं?" मी मान खाली घालून पायांनी पाणी सारीत पुंजक्याकडे वळे.

नवव्या दिवशी पिल्ले पांगली. आप्पांनी पाण्यावर नजर फिरवली. "निम्मी गेली. मरळीनं ह्याच्यापरीस ज्यास्त राखली असती." माझी ट्यूब त्यांनी हवा सोडून दुकानात खुंटीला अडकवली. आपले शिक्षण संपले, असे मी समजलो.

आठवड्याने निरोप घ्यायला गेलो, तेव्हा ते शेजारच्या हॉटेलात चहा पीत होते. सखाराम चारचौघांना माझी कथा रंगवून सांगत होता. आप्पांनी बशी खाली ठेवली.

"ए सख्या, तुझं कोकरू लांडग्यानं न्हेलं तवा तू कुठं व्हतास? झाडाखाली घोरत. सर नऊ दिस हाललं न्हाईत."

मी नकळत हसलो, तशी त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"आन् तुमी काय हसताय? हवा भरा ट्यूबमधी. ऊन वर आलं."