थोरल्यांचा पाय

रस्त्याच्या वळणावर पत्र्याची एक लांबट शेड आहे, आणि तिला पाटी नाही. पाटीची गरजच कधी पडली नाही. जड गाडी घेऊन आलेल्याने नुसतं ‘थोरले-धाकटे कुठे?’ विचारायचं, की चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत कोणीही बोट दाखवायचा. दोघे सख्खे भाऊ. नावं होती त्यांना, नाही असं नाही, पण आईबापांच्या माघारी ती वापरणारं कोणी उरलं नाही. थोरले ते थोरले, आणि धाकटा म्हणजे साठी उलटून गेली, तोंडात दात मोजके राहिले, तरी धाकटाच.

दोघांचं काम फक्त ब्रेकचं. इंजिन घेऊन कोणी आला तर थोरले म्हणायचे, “गाडी चालवायची असेल तर पुढच्या गॅरेजात जा. थांबवायची असेल तर ये.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर स्वतःच हसायचे.

आता ब्रेकचं काम एकट्यादुकट्याचं नाही, हे ज्याने केलं नाही त्याला सांगावं लागतं. जुन्या ट्रकचे ब्रेक तेलावर चालतात. पेडल दाबलं की तेल नळ्यांतून चाकापर्यंत जातं आणि चाक धरतं. त्या नळ्यांत हवा शिरली की पाय उशीवर ठेवल्यासारखा खाली जातो आणि गाडी आपली चाललीच आहे. म्हणून दुरुस्ती झाली की हवा काढायची. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागे आडवं पडून एक बारीकसं निपल सैल करायचं. हवा फुसफुसत बाहेर पडते. निपल पुन्हा आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला, की गेलेली हवा आल्या वाटेने परत आत.

वर थोरले, खाली धाकटा. जन्मभर हेच. खालून हाक यायची, “दाब.” वरून ओ यायची, “धरलंय.” निपल आवळलं की खालून “सोड.” खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा. हवा परत शिरू नये म्हणून लोक निपलला नळी लावतात, बाटली लावतात. या दोघांनी असली भानगड कधी केली नाही. एकदा तर धाकटा खाली असताना बाहेर रस्त्यावर भांडण जुंपलं. हा पठ्ठ्या पाना टाकून बघायला गेला आणि तिकडेच रमला. परत येऊन बघतो तर थोरले पेडलवर तसेच. मांडीला गोळे आलेले, चहा समोर गार झालेला. “तू सोड म्हणालास का?” एवढंच म्हणाले. मग संध्याकाळपर्यंत ज्या शिव्या घातल्या, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

तर असा तो पाय. आणि त्या पायाच्या मालकाचं डोकं गेल्या काही महिन्यांपासून दगा द्यायला लागलं होतं.

सुरुवात साधीच झाली. तेच तेच विचारणं, चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधणं. यावर सगळे हसले, थोरलेही हसले. मग गॅस उघडा राहिला. मग एका संध्याकाळी घरी जाताना ते भलत्याच गल्लीत शिरले आणि परक्याच्या दाराला आपली किल्ली लावत बसले. तेव्हापासून धाकटा त्यांना रोज घरापर्यंत सोडायला जायचा. वहिनींच्या मात्र नाकी नऊ आले होते. त्यांची कंबर धरलेली, झोप उडालेली, आणि नवरा उठून कधी दार उघडील याचा नेम नाही. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. त्याने अशा माणसांना ठेवून घेणारी एक जागा बघून ठेवली होती आणि रविवारी तो वडिलांना न्यायला येणार होता.

वहिनींनी धाकट्याला दारातच गाठलं. “भावोजी, दिवसभर ते तुमच्याबरोबर असतात. तुम्हीच सांगा. ते अजून कामाचे असतील, त्यांचा दिवस तुमच्याकडे बरा जात असेल, तर मी रेटीन पुढे. मुलाला सांगेन नको येऊस म्हणून. पण तसं नसेल तर तसं सांगा. मला खोटी आशा लावू नका.”

“दादा शेडमध्ये अगदी ठणठणीत असतो, वहिनी. घरात बसून बसून डोकं फिरतंय त्याचं. पेडलवर बसला की पहिल्यासारखा.”

हे धाकट्याला खरंच तसं वाटत होतं की वाटून घ्यायचं होतं, देव जाणे. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “शनिवारपर्यंत नक्की सांगा.”

शनिवारी सकाळीच खडीवाला ड्रायव्हर आला. खाणीतून खडी भरायची आणि डोंगराच्या उतारावरून खाली आणायची, हा त्याचा धंदा. ट्रक त्याच्याइतकाच जुना आणि त्याच्याइतकाच कुरकुरणारा.

“डब्यात ब्रेक ऑइल ओततोय आणि ते कुठे जातंय ते कळत नाही,” तो म्हणाला. “काल उतारावर पेडल पार तळाला गेलं. हँडब्रेक ओढला म्हणून तुमच्यासमोर उभा आहे.”

थोरल्यांनी ट्रकला एक फेरी मारली. मागच्या डाव्या चाकाशी बसले आणि टायरच्या आतल्या बाजूवर बोट फिरवलं. ओला ओघळ होता.

“एक्सलचं ऑइल असेल,” धाकटा म्हणाला. “सील गेलं असणार.”

थोरल्यांनी पाण्याचा मग मागवला, बोटावरचा थेंब त्यात झटकला आणि तो मग धाकट्याच्या नाकासमोर धरला. “एक्सलचं असतं तर वर तरंगलं असतं. हे पाण्यात मिसळून गेलं. ब्रेकचंच आहे. चाक खोल, शहाण्या.”

चाक खोललं, ड्रम काढला. आतले लायनर, म्हणजे चाक धरणारे पट्टे, तेलात भिजून काळे झाले होते आणि चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी बोटाने जरा उचलताच तेल भळकन खाली आलं. थोरल्यांचं बरोबर निघालं. धाकट्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. शहाण्या म्हणाला दादा आपल्याला, किती दिवसांनी. वहिनींना सांगायला आता काय पाहिजे होतं? नवा सिलिंडर बसवताना, नवे लायनर चढवताना तो शीळ घालत होता, आणि त्याला शीळ नीट वाजवता येत नाही हे अख्ख्या रस्त्याला माहीत आहे.

मग थोरले वर चढून बसले आणि धाकटा खाली आडवा झाला.

“दाब.”

“धरलंय.”

फुस्स. हवा गेली. निपल आवळलं. “सोड.” असं बऱ्याचदा झालं. मग धाकट्याने बाहेर येऊन स्वतः पेडल दाबून बघितलं, तर पाय उशीवर. पुन्हा खाली. पुन्हा दाब, पुन्हा धरलंय, पुन्हा उशी.

आता कुठून येतेय हवा? धाकट्याने निपल बदललं. नळीचे सगळे जोड पुसून कोरडे केले आणि त्यांवर खडूची भुकटी फासली, कुठे पाझर असेल तर डाग दिसावा म्हणून. एकही डाग नाही. तेल कुठूनही जात नव्हतं, हवा मात्र येत होती. मग पेडलखालचा मास्टर सिलिंडर उतरवला, त्यातली रबरं बदलली, परत चढवला. जेवणाची वेळ टळून गेली. घाम डोळ्यांत उतरला. थोरले वर बसून मधूनच विचारत होते, “कुठली गाडी आहे ही?” आणि धाकटा सांगत होता, “खडीवाल्याची, दादा.” संशय घेण्यासारखं काही म्हणून त्याने सोडलं नाही. वॉशर झाले, नळ्या झाल्या, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असेल इथपर्यंत मजल गेली. एका गोष्टीकडे मात्र त्याचं डोकं वळलं नाही, कारण तिच्याकडे वळायची त्याला सवयच नव्हती.

ड्रायव्हर बसून बसून कंटाळला होता. मागचा ब्रेकचा दिवा गेलेला होता, तेवढं तरी काम करू म्हणून त्याने केबिनच्या खणातून बल्ब काढला आणि स्वतःच बसवला. ट्रकचा मागचा भाग शेडच्या आत, भिंतीला तोंड करून. धाकटा गाल फरशीला टेकून पडलेला.

“दाब.”

समोरची भिंत लाल झाली. दिवा लागला होता.

“धरलंय,” वरून आवाज आला.

धाकट्याने पाना फिरवला. फुस्स. आणि भिंत विझली.

त्याला आधी काही समजलंच नाही. पाना हातात तसाच. “दादा, धरलंय ना?”

“धरलंय की,” थोरले म्हणाले. आवाज तोच, ठाम, जन्मभराचा. भिंत काळीच.

तरी माणूस किती चिवट असतो बघा. तो ड्रायव्हरला म्हणाला, “तुझा बल्ब ढिला बसलाय. जरा बघ.” ड्रायव्हरने बल्ब हलवून बघितला, तो पक्का होता. मग तो पुढे जाऊन केबिनच्या दाराशी उभा राहिला. थोरले दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते, आणि पाय खाली पायपुसण्यावर निवांत टेकलेला. ड्रायव्हर मागे आला आणि धाकट्याजवळ उकिडवा बसला. त्याचं तोंड बघूनच धाकट्याने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने ड्रायव्हर उठला आणि केबिनमध्ये चढला. “थोरले, जरा सरका त्या बाजूला. उन्हात उभं राहवत नाही, मी पण बसतो.”

“आणि पेडल?”

“पाय मी ठेवतो. सांगायचं मात्र तुम्ही. धाकट्यांना माझ्या आवाजाची सवय नाही.”

थोरले सरकले. धाकट्याने खालून हाक मारली, “दाब.” भिंत लाल झाली. “धरलंय,” थोरले म्हणाले. निपल उघडलं, हवा गेली, मागून तेलाची बारीक धार आली. निपल आवळलं. भिंत तशीच लाल. “सोड.” मग पुन्हा. पाय एकाचा, ओ दुसऱ्याची. सकाळपासून जे होत नव्हतं ते बघता बघता झालं, आणि खाली पडल्या पडल्या धाकटा रडला. तेलाचा हात डोळ्यांना लागला, आणखी झोंबलं.

ड्रायव्हरने ट्रक बाहेर काढून पळवला, जागच्या जागी थांबवून बघितला. पेडल दगडासारखं कडक. निघताना त्याने धाकट्याला बाजूला घेतलं. “माझ्या तोंडून कुठे जाणार नाही.”

म्हणजे आता वाट मोकळी होती. वहिनींना सांगायचं, दादाने पाण्याच्या मगात गळती पकडली. हे खोटं नव्हतंच. खडीवाल्याचे ब्रेक लागले, हेही खरं. रविवार टळला असता. पण ड्रायव्हरने आज बल्ब घातला नसता तर? धाकट्याने पेडल तपासल्याशिवाय गाडी सोडली नसती, हे ठीक. पण मग उद्या काय, परवा काय? दादा वर बसून धरलंय म्हणणार आणि हा खाली पडून भिंतीकडे बघत राहणार. दादाच्या शब्दावर दिवा लावून पहारा ठेवायचा. त्यापेक्षा शेडला कुलूप बरं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी दोघे घरी निघाले. थोरले त्याच्या दंडाला धरून चालत होते. रस्ता ओलांडताना थांबले.

“त्या खडीवाल्याचा पाय बरा आहे,” ते म्हणाले.

धाकट्याने त्यांना रस्ता ओलांडून दिला.

“मी उचलत होतो का रे?”

“जाऊ दे ना, दादा.”

“मला वाटत होतं, मी धरलंय.” थोरल्यांनी आपल्या चपलेकडे बघितलं. “खरंच वाटत होतं.”

“माहीत आहे मला,” धाकटा म्हणाला. दोघे तसेच गल्लीत वळले आणि घराचा जिना चढले.

वहिनी दारातच होत्या. त्यांनी नवऱ्याच्या चपला काढून घेतल्या, त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं, आणि पदराला हात पुसत परत उंबऱ्याशी आल्या. नुसत्या उभ्या राहिल्या.

“येऊ दे मुलाला,” धाकटा म्हणाला.

वहिनींनी मान हलवली. इतके दिवस ज्याची वाट बघत होत्या ते ऐकायला मिळालं, आणि त्यांना खाली बसावं लागलं. तिथेच, उंबऱ्यावर. धाकट्याने त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि जायला वळला.

आतून थोरल्यांचा आवाज आला. “उद्या कुठली गाडी आहे?”

“बघू उद्या, दादा.”

“लवकर हाक मार मला. आज उशीर केलास.”

“मारतो,” धाकटा म्हणाला, आणि जिना उतरून गेला.