दादाने गोठवलेलं मशीन

आमच्या दादाला ऑफिसात ‘जैसे थे’ म्हणतात. काम तेच. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालतो. तो चालता चालता गोठवायचा आणि दुसरीकडे नेऊन होता तसा जागा करायचा. त्यासाठी डिस्क, घड्याळ, कीबोर्ड, प्रत्येकाला आपण कुठवर आलो होतो ते लिहून ठेवावं लागतं. जुन्या पद्धतीत नुसते आकडे एकापुढे एक. दादाच्या नव्या पद्धतीत प्रत्येक आकड्याला नाव. जेवतानाही हेच पुराण.

वहिनी भाषांतरकार. घरी प्रयोगाला म्हणून दादाने तिलाही तसलंच मशीन करून दिलं होतं. सबंध पुस्तक एकाच फायलीत. वेगळी प्रत काढून ठेवते म्हणाली, तर हा म्हणाला, “मी आहे ना.”

घर बदलायच्या सकाळी तिने शेवटचं प्रकरण संपवून सेव्हचं बटण दाबलं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“एवढं सेव्ह होऊ दे,” ती म्हणाली.

“तिकडे आपोआप पुढे चालू होईल,” म्हणत दादाने मशीन गोठवलं. डिस्ककडे दिलेली, पण अजून पुरी न झालेली कामं नोंदवायचं त्याने नव्या पद्धतीत मागे ठेवलं होतं. घाई नाही म्हणे. हे त्याला ठाऊक होतं, आणि मला राग येतो तो याचाच.

नव्या घरात आम्ही खोक्यांवर बसून पाहिलं. पडद्यावर तेच पान, तीच ओळ.

“बघ, जैसे थे,” दादा म्हणाला.

वहिनीने बटण दाबलं. काही हलेना. मशीन डिस्कच्या उत्तराची वाट बघत होतं, आणि डिस्कला आपल्याला काही सांगितलं होतं हेच आठवत नव्हतं. गोठवलेली प्रत तर मशीन जागं होताच पुसली जाते. ती सोयही दादाचीच.

“हात लावू नकोस. दिसतंय तेवढं तरी मी उतरवून घेते.”

“अगं, बंद करून चालू केलं की येईल सगळं.”

त्याने बंद केलं. चालू केल्यावर फाइल निघाली ती कोरी. सेव्ह करताना जुनं आधी पुसलं जातं; ते झालं होतं, नवं लिहायचं राहून गेलं होतं.

ऑफिसात त्याने लगेच राहिलेली नोंद जोडली. थोड्याच ओळी लागल्या. साहेबांनी पाठ थोपटली, आणि हा ते घरी येऊन सांगत बसला.

वहिनीने वह्या आणल्या. पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसली, हाताने. संध्याकाळी दादा दारात उभा राहून विचारतो, “कुठवर आलं?” ती वही मिटते. तो गेला की उघडते.